नियम बेकायदेशीर की अंमल चुकीचा? वेतनश्रेणीच्या वादात न्यायालय काय तपासतं

तुम्ही लिहिलेली हकीकत थोडक्यात अशी. राज्य शासनाच्या एका खात्यात तुम्ही गट-क मधल्या तांत्रिक पदावर आहात. सहाव्या वेतन आयोगात तुमचा आणि दुसऱ्या एका खात्यातल्या तशाच पदाचा ग्रेड पे एकच होता, २,८००. सातव्यात तुम्ही एस-१० या वेतनस्तरात राहिलात, म्हणजे २९,२०० पासून सुरुवात. ते मात्र एस-१३ मध्ये गेले, म्हणजे ३५,४०० पासून. संघटनेनं त्रुटी निवारणासाठी निवेदन दिलं, त्यावर एका ओळीचं उत्तर आलं, ‘मागणी मान्य करता येत नाही.’ आता चाळीस जणांनी वर्गणी काढून थेट उच्च न्यायालयात जायचं आणि २०१९ चे सुधारित वेतन नियमच घटनाबाह्य ठरवून घ्यायचे, असं ठरतंय. त्यातच आठ महिन्यांनी निवृत्त होणाऱ्या एका सहकाऱ्याच्या सेवापुस्तकावर वेतन पडताळणी पथकानं आक्षेप काढला आणि त्यांना वसुलीचं पत्र आलं. जिंकण्याची शक्यता किती, आणि वर्गणी द्यावी का, असं तुम्ही विचारलंय.

बावीस वर्षं मी सेवाविषयक प्रकरणंच चालवते, बरीचशी मॅटमध्ये, म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात. तुमच्यासारखे गट दर वेतन आयोगानंतर येतात. त्यांची तक्रार बहुतेक वेळा खरी असते, मागणी मात्र चुकीची लिहिलेली असते. म्हणून आधी मागणीबद्दल बोलते.

‘नियम रद्द करा’ ही मागणी मान्य झाली असं समजा. मग तुमच्या हातात काय येतं? वेतन नियमांच्या जोडपत्रात तुमच्या पदासमोर एस-१० लिहिलेलं आहे. ती नोंद गेली तर तिथे आपोआप एस-१३ उमटत नाही. जागा रिकामी होते, आणि रिकाम्या जागेवर पगार निघत नाही. शेजारच्या पदाची एस-१३ ची नोंद रद्द करून मागितली तर त्यांचं नुकसान होतं, तुमचा फायदा शून्य. तुम्हाला खरं तर हे हवंय की समान पदांमध्ये केलेला हा भेद घटनेतल्या समानतेच्या अनुच्छेद १४ आणि १६ मध्ये बसत नाही असं जाहीर व्हावं, आणि शासनानं तुमच्या श्रेणीचा कारणांसहित फेरविचार करावा किंवा तीच श्रेणी द्यावी. बाकीचा नियम उभाच राहिला पाहिजे, कारण सातव्या आयोगाचा लाभ तुम्हालाही त्याच नियमातून मिळतोय.

१७ डिसेंबर १९८२ चा डी. एस. नाकारा प्रकरणातला निकाल याच कारणासाठी मी प्रत्येक गटाला समजावून सांगते. पेन्शनधारक तो दिवस आजही पाळतात. केंद्रानं पेन्शनचं सुधारित सूत्र आणलं, पण ते ३१ मार्च १९७९ ला किंवा त्यानंतर निवृत्त होणाऱ्यांपुरतंच ठेवलं. सर्वोच्च न्यायालयानं सूत्राला हात लावला नाही. लोकांना दोन गटांत तोडणारी तारखेची अट तेवढी काढून टाकली, आणि लाभ आधी निवृत्त झालेल्यांपर्यंत पोचला. मागणी अशी बारीक कातरावी लागते. अर्थात नाकाराचा आधार सगळीकडे लागत नाही. त्या निकालाची व्याप्ती पुढच्या काही निकालांनी आखडून घेतली आहे, आणि पेन्शनच्या सूत्रावरचा युक्तिवाद वेतनश्रेणीच्या वादात जसाच्या तसा चालत नाही.

आता वैधतेकडे येऊ. तुमच्या पगारावर परिणाम करणारा प्रत्येक शासकीय कागद ‘नियम’ नसतो. माझ्याकडे कोणी आलं की मी आधी तो कागद मागते आणि त्याची सुरुवात वाचते. ‘भारताच्या संविधानाच्या अनुच्छेद ३०९ च्या परंतुकाद्वारे प्रदान करण्यात आलेल्या अधिकारांचा वापर करून’ अशी सुरुवात असेल आणि तो राजपत्रात अधिसूचना म्हणून आला असेल, तर तो नियम. विधिमंडळानं कायदा करेपर्यंत अशा नियमाला कायद्याचंच वजन असतं. महाराष्ट्र नागरी सेवा (वेतन) नियम, १९८१ आणि ३० जानेवारी २०१९ च्या अधिसूचनेनं आलेले, १ जानेवारी २०१६ पासून लागू झालेले सुधारित वेतन नियम या वर्गातले. याउलट शेवटी ‘महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने’ एवढंच असेल, वर ३०९ चा उल्लेख नसेल, तर तो बहुधा शासन निर्णय. म्हणजे कार्यकारी आदेश. त्याखाली वित्त विभागाची परिपत्रकं, आणि सगळ्यात खाली लेखाधिकाऱ्याचा आक्षेप.

या उतरंडीला न्यायालयात फार महत्त्व आहे. संतराम शर्मा प्रकरणात १९६७ सालीच ठरलं की नियम जिथे गप्प आहे तिथे कार्यकारी आदेश रिकामी जागा भरू शकतो, पण नियमाच्या विरुद्ध जाऊ शकत नाही. म्हणून अन्याय परिपत्रकानं किंवा शासन निर्णयानं केला असेल आणि मूळ नियम तुमच्या बाजूनं असेल, तर तुमचं काम सोपं आहे. घटनेपर्यंत जायची गरजच नाही. मी जिंकलेल्या वेतनाच्या प्रकरणांतली निम्म्याहून जास्त याच जातीची आहेत. नियमात नसलेली अट एखाद्या खात्यानं स्पष्टीकरणाच्या नावाखाली घातलेली असते. दोन्ही कागद शेजारी ठेवले की पीठासीन सदस्यांना फार सांगावं लागत नाही.

तुमच्या बाबतीत मात्र एस-१० ही नोंद २०१९ च्या नियमांसोबतच्या जोडपत्रातच आहे असं तुम्ही लिहिता. म्हणजे तुमचा वाद खऱ्या नियमाशीच आहे, आणि हा चढ जास्त उभा आहे.

नियम रद्द होण्याची कारणं फार नाहीत. नियम करणाऱ्याला तो अधिकारच नव्हता, हे एक. मूळ कायद्याशी किंवा घटनेशी विरोध, हे दुसरं. आणि तिसरं, नियमानं मागच्या तारखेपासून एखाद्याचा मिळालेला हक्क काढून घेतला. मागच्या तारखेपासून लाभ देता येतो, तुमचा सातवा आयोग तसाच आला. पण हातात पडलेला हक्क मागे जाऊन काढता येत नाही. रंगधामय्या प्रकरणात (१९९७) पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं हे स्वच्छ सांगितलं. रेल्वेनं १९८८ साली अधिसूचना काढून रनिंग स्टाफच्या पेन्शनसाठी धरायच्या भत्त्याची मर्यादा मागच्या तारखांपासून खाली आणली होती. जे आधीच निवृत्त झाले होते त्यांची पेन्शन त्यामुळे घटत होती, आणि तेवढ्या भागापुरत्या त्या अधिसूचना टिकल्या नाहीत.

लोक आणखी एक मुद्दा नेहमी काढतात: ‘नियम करताना आम्हाला विचारलं नाही.’ हा चालत नाही. नियम करणं हे कायदे करण्याच्या जातीचं काम आहे, आणि ३०९ खाली मसुदा प्रसिद्ध करण्याची किंवा सुनावणी देण्याची सक्ती नाही. शिवाय सरकारी नोकरी हा करार नाही, तो एक दर्जा आहे, हे रोशनलाल टंडन प्रकरणापासून (१९६७) पक्कं आहे. तेव्हा ‘नेमणुकीच्या वेळी असं ठरलं होतं’ हाही बचाव लंगडा. सुनावणीचा हक्क येतो तो तुमचा एकट्याचा पगार कमी करताना. त्याबद्दल वसुलीपाशी सांगते.

तुमच्यासाठी उरतो तो समानतेचा मुद्दा. ‘समान कामाला समान वेतन’ हे अनुच्छेद ३९(घ) मधलं मार्गदर्शक तत्त्व आहे. १९८२ च्या रणधीर सिंग प्रकरणात दिल्ली पोलिसांतल्या एका चालकाच्या तक्रारीवरून न्यायालयानं ते १४ आणि १६ शी जोडलं आणि त्याला धार आली. ऑक्टोबर २०१६ मध्ये जगजित सिंग प्रकरणात तात्पुरत्या कर्मचाऱ्यांनाही नियमितांच्या श्रेणीतलं किमान वेतन मिळालं. हे निकाल संघटनेच्या बैठकीत नेहमी वाचले जातात. सरकारी वकील वाचतात ते निकाल मात्र तिथे कोणी वाचत नाही. १९८९ चं जे. पी. चौरसिया प्रकरण, जानेवारी २०२२ चं आर. डी. शर्मा प्रकरण. त्यांचा सूर असा: कोणत्या पदाचं मोल किती हे ठरवणं वेतन आयोगासारख्या तज्ज्ञ मंडळाचं आणि शासनाचं काम आहे, न्यायालयाकडे ते तोलायला तराजू नाही. पदनाम सारखं, शैक्षणिक अर्हता सारखी, एवढ्यावर समानता सिद्ध होत नाही. जबाबदारी, विश्वासार्हता, कामाचं स्वरूप, भरतीचा मार्ग, वरची पदोन्नतीची साखळी, सगळं जुळवून दाखवावं लागतं, आणि ते दाखवण्याचं ओझं तुमच्यावर असतं.

मला स्वतःला हा सूर काही वेळा जरुरीपेक्षा कडक वाटतो. तज्ज्ञ समितीनं खरोखर विचार केला असेल तर न्यायालयानं दूर राहावं, हे मान्य. पण अहवालात त्या पदाबद्दल एक वाक्यही नसेल तर कोणत्या तज्ज्ञतेचा मान राखायचा? इथेच तुमच्या प्रकरणात जीव आहे.

तुमच्यातला आणि शेजारच्या पदातला भेद पूर्वीपासूनचा नाही. सहाव्या आयोगात, म्हणजे हकीम समितीनंतरच्या नियमांत, दोघं एका ग्रेड पेवर होते. पाचव्यातही एकाच श्रेणीत होते असं तुम्ही म्हणता. सलग दोन आयोग शासनानं स्वतः दोन्ही पदं समान धरली असतील, तर समानता तुम्ही नव्यानं सिद्ध करत नाही, शासनाचीच कबुली दाखवता. मग प्रश्न उलटतो: मधल्या काळात असं काय बदललं? कर्तव्यं वाढली? भरतीची अर्हता वाढवली? पदोन्नतीची रचना बदलली? शासनाकडे उत्तर असेल तर तुमचं प्रकरण पडेल, हे आधीच धरून चला. उत्तर नसेल, आणि नाकारणाऱ्या पत्रात फक्त ‘मान्य करता येत नाही’ एवढंच असेल, तर तो निर्णय मनमानी असल्याचा युक्तिवाद उभा राहतो.

म्हणून वर्गणी काढण्याआधी कागद जमवा. दोन्ही पदांचे सेवाप्रवेश नियम, आजचे आणि २०१६ पूर्वीचे. दोन्हीकडच्या कर्तव्यसूच्या. पाचव्या आणि सहाव्या आयोगाच्या जोडपत्रांतली ती पानं. सातव्या आयोगासाठी राज्यानं नेमलेल्या बक्षी समितीच्या अहवालात तुमच्या आणि त्यांच्या पदाबद्दल जे काही असेल ते. आणि सगळ्यात महत्त्वाचं, तुमची मागणी नाकारताना मंत्रालयातल्या नस्तीवर (फाइलवर) झालेली टिप्पणी. माहितीच्या अधिकारात ती मागा. माझ्या एका प्रकरणात प्रशासकीय विभागानं त्या नस्तीवर ‘दोन्ही पदांची कामे समकक्ष आहेत’ असं स्वतःच्या हातानं लिहिलेलं निघालं. पुढे वित्तीय भाराचं कारण देऊन प्रस्ताव परत गेला होता. त्या एका पानानं प्रकरणाचा रंग बदलला.

वित्तीय भाराचा मुद्दा तुमच्याही समोर येईल. त्याचा निकाल परिस्थितीवर ठरतो, आधी सांगता येत नाही. २००५ च्या अमरनाथ गोयल प्रकरणात ग्रॅच्युइटीची वाढीव मर्यादा ठराविक तारखेपासूनच देण्याचं समर्थन न्यायालयानं आर्थिक कारणावर मान्य केलं. पुढे जुलै २०१९ मध्ये मणिपूरच्या पेन्शनधारकांच्या प्रकरणात मात्र, निधी नाही म्हणून १९९६ पूर्वीच्या निवृत्तांना कमी दरानं वाढ देणं टिकलं नाही. दोन्ही निकाल सर्वोच्च न्यायालयाचेच. मी त्यांच्याकडे असं पाहते: एखादा लाभ कोणत्या तारखेपासून सुरू करायचा हे ठरवताना तिजोरीकडे पाहायला हरकत नाही, पण एकाच वर्गातल्या लोकांना कायमचं दोन रांगांत उभं करायला नुसती तिजोरी पुरत नाही.

आता कुठे जायचं. थेट उच्च न्यायालयात याचिका दाखल केलीत तर ती परत पाठवली जाण्याची शक्यता फार मोठी. १८ मार्च १९९७ च्या एल. चंद्रकुमार निकालानुसार नियमाची घटनात्मक वैधता तपासण्याचा अधिकार न्यायाधिकरणालाही आहे, आणि राज्य शासकीय कर्मचाऱ्यानं पहिली पायरी म्हणून तिथेच जायचं. अपवाद एकच, न्यायाधिकरण निर्माण करणारा कायदाच आव्हानाखाली असेल तर. तेव्हा तुमचा मूळ अर्ज महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणापुढे, मुंबई, नागपूर किंवा छत्रपती संभाजीनगर, ज्या खंडपीठाच्या हद्दीत तुमचं कार्यालय येतं तिथे. वैधतेचा प्रश्न असल्यानं तो एकट्या सदस्यापुढे चालत नाही, किमान दोघांचं पीठ लागतं आणि त्यात एक न्यायिक सदस्य हवा. निकाल विरोधात गेला तर उच्च न्यायालयाचं खंडपीठ. ‘मॅटमध्ये वेळ घालवू नका’ असं कोणी सांगत असेल तर ऐकू नका, परत आलेल्या याचिकेत वर्ष जातं. जिल्हा परिषदेचे कर्मचारी आणि खाजगी शाळांतले शिक्षक मॅटच्या कक्षेत येत नाहीत, त्यांची वाट वेगळी. तुमच्या चाळिसांत तसं कोणी असेल तर त्यांचं प्रकरण वेगळं करा. बाकीच्यांना एकत्र अर्ज करण्याची परवानगी मागता येते.

मुदतीबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण मला सगळ्यात जास्त काळजी त्याची वाटते. १९८५ च्या प्रशासकीय न्यायाधिकरण कायद्याच्या कलम २१ प्रमाणे अंतिम आदेशापासून एक वर्ष. निवेदनाला उत्तरच आलं नाही तर सहा महिने वाट पाहायची आणि त्यापुढे एक वर्ष. तुमच्याकडे नाकारल्याचं पत्र आहे, म्हणजे घड्याळ त्या तारखेपासून चालू आहे. ‘पुन्हा एक निवेदन देऊन बघू’ यात कित्येकांचं वर्ष संपलेलं मी पाहिलंय. दुसऱ्या निवेदनाला आलेल्या उत्तरानं गेलेली मुदत परत येत नाही.

थोडा दिलासा असा की चुकीच्या वेतननिश्चितीची झळ दर महिन्याला नव्यानं लागते, हे १९९५ च्या एम. आर. गुप्ता प्रकरणात मान्य झालंय. पण तिथे वाद नियमाप्रमाणे वेतननिश्चिती न झाल्याचा होता. तुमचा वाद श्रेणीचाच आहे, त्यामुळे तो आधार तुम्हाला पूर्ण लागू होईल असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. आणि जिंकलात तरी १ जानेवारी २०१६ पासूनची सगळी थकबाकी धरून बसू नका. तरसेम सिंग निकालानंतर (२००८) थकबाकी सहसा दाव्याच्या आधीच्या तीन वर्षांपुरती मिळते. बैठकीत वर्गणीचा हिशेब मांडताना हाच आकडा धरा, नाहीतर जिंकूनही लोक नाराज होतील.

निकालाचं रूपही सांगून ठेवते. ‘एस-१३ द्या’ असा थेट आदेश क्वचित येतो. बहुतेक वेळा नाकारल्याचं पत्र रद्द होतं आणि अमुक महिन्यांत कारणांसहित फेरविचार करा असं सांगितलं जातं. पुन्हा नकार आला तर त्याला वेगळं आव्हान द्यावं लागतं.

सुरुवातीच्या काळात माझ्या हातून एक चूक झाली, ती सांगते. आठ जणांच्या अर्जात मी नियमाच्या वैधतेवरच सगळा भर दिला आणि पर्यायी मागणी घातली नाही. युक्तिवाद चालू असताना लक्षात आलं की नियमाच्या टिपेचा वेगळा अर्थ लावला असता तर त्यांचं काम नियम न पाडताच झालं असतं. पण ती मागणीच अर्जात नव्हती. दुरुस्तीला परवानगी मिळाली, मधले दहा महिने मात्र गेले आणि दोघं तोवर निवृत्त झाले. तेव्हापासून माझा क्रम ठरलेला आहे. पहिली मागणी नियमाचा अर्थ आमच्या बाजूनं लावा. दुसरी, भेद घटनाविरोधी ठरवून लाभ द्या. तिसरी, निदान नकार रद्द करून फेरविचाराचा आदेश द्या. न्यायालयांनाही नियम पाडण्यापेक्षा त्याचा अर्थ लावणं पसंत असतं. निवृत्तीच्या आदल्या दिवशी पूर्ण झालेल्या वर्षाची वेतनवाढ देण्याचा एप्रिल २०२३ चा निकाल पाहा. कर्नाटकातल्या त्या विनियमाला न्यायालयानं धक्का लावला नाही, असा अर्थ लावला की कष्टानं कमावलेली वेतनवाढ एका दिवसासाठी बुडू नये. महाराष्ट्रातल्या ३० जूनला निवृत्त झालेल्या कित्येकांना त्याचा फायदा झाला.

तुमच्या सहकाऱ्याची वसुली या सगळ्यापासून पूर्ण वेगळी ठेवा. त्यांना वेळ नाही. चाळीस जणांच्या अर्जात ती गुंतवली तर त्यांची ग्रॅच्युइटी अडकेल. डिसेंबर २०१४ च्या रफीक मसीह निकालात सांगितलंय की गट-क आणि गट-ड कर्मचाऱ्यांकडून, निवृत्तांकडून, निवृत्तीला एक वर्ष उरलेल्यांकडून, किंवा पाच वर्षांहून जास्त काळ दिल्या गेलेल्या जादा रकमेची वसुली करू नये. तुमचे सहकारी पहिल्या आणि तिसऱ्या दोन्ही कसोट्यांत बसतात. शिवाय म्हणणं न ऐकता वेतन कमी करता येत नाही. १९९४ च्या भगवान शुक्ला प्रकरणात प्रश्न मासिक १९० रुपयांवरून १८१ रुपयांवर आणण्याचा होता, नऊ रुपयांचा. तोही आदेश सुनावणी दिली नाही म्हणून गेला.

एक अडचण मात्र आहे. जुलै २०१६ च्या जगदेव सिंग निकालात, जादा रक्कम परत करीन अशी हमी लिहून दिलेल्या अधिकाऱ्याकडून वसुली मान्य झाली. ते वरच्या दर्जाचे अधिकारी होते, आणि गट-क ला तो निकाल लावू नये असा युक्तिवाद मी स्वतः करत आले आहे. तरी सातव्या आयोगाच्या वेतननिश्चितीच्या वेळी विकल्पाबरोबर असं वचनपत्र घेतलं गेलं होतं. तुमच्या सहकाऱ्यानं त्यावर सही केली का, त्यातले नेमके शब्द काय, आणि पथकाचा आक्षेप त्याच वेतननिश्चितीवर आहे की आधीच्या एखाद्या वेतनवाढीवर, हे आज ना उद्या विचारलं जाईलच. सेवापुस्तकाची आणि त्या वचनपत्राची साक्षांकित प्रत त्यांनी याच आठवड्यात आस्थापना शाखेकडून लेखी अर्जानं मागावी, आणि वसुलीच्या पत्राला उत्तर पाठवताना प्रत मिळेपर्यंत कपात थांबवण्याची विनंती त्यात लिहावी.